चेरी-बदाम सावर खोकल्याच्या औषधासारखे लागते तेव्हा

चेरी-बदाम सावर म्हणजे अमारेट्टो हे बदामी चवीचे गोड मद्य, लिंबू आणि चेरी यांचे आंबटगोड कॉकटेल. घरी केलेल्या या सावरबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. पेयाचा रंग छान येतो, वर फेसही धरतो, पण पहिल्याच घोटाला खोकल्याच्या औषधाची आठवण होते. चेरी कमी पडली असावी असे समजून पुढच्या वेळी बरणीतला लाल पाक आणखी चमचाभर घातला जातो आणि चव सुधारण्याऐवजी अधिकच औषधी होते. काही जण साखर वाढवतात, काही जण बदामाचा अर्क वाढवतात, आणि शेवटी हे पेय घरी जमण्यासारखे नाही असे ठरवून त्याचा नाद सोडतात. वस्तुतः ते अवघड नाही. दोष नेमका कुठे आहे हे न तपासता उपाय केले जातात, म्हणून तो दर वेळी परत येतो.

बदामाची म्हणून आपण जी ठसठशीत चव ओळखतो, ती नेहमीच्या गोड बदामात अगदी थोडी असते. ती येते बेंझाल्डिहाइड या सुगंधी द्रव्यापासून. कडू बदाम, जर्दाळूच्या बीमधला गर आणि चेरीच्या बीमधला गर या तिन्हींत अमिग्डालिन नावाचा घटक असतो. बी फोडून कुटली आणि तिला ओल लागली की हा घटक विघटित होतो आणि त्यातून बेंझाल्डिहाइड तयार होते. बदाम, जर्दाळू आणि चेरी ही तिन्ही झाडे प्रूनस या एकाच प्रजातीतली असल्यामुळे हे साम्य स्वाभाविक आहे. अडचण सुरू होते ती पुढे. कृत्रिम चेरी स्वादाचा मुख्य घटकही बेंझाल्डिहाइडच असतो. बरणीत मिळणाऱ्या भडक लाल चेरी आधी सल्फर डायऑक्साइडच्या द्रावणात ठेवून रंगहीन केल्या जातात आणि मग त्यांना साखरेचा पाक, खाद्यरंग आणि पुष्कळदा कडू बदामाचाच स्वाद दिला जातो. म्हणजे अमारेट्टोत असा पाक घालताना आपण चेरी वाढवत नसतो. बदामाच्या चवीत बदामाची चव आणि साखरेत साखर ओतत असतो. चेरीच्या चवीच्या औषधांतही हाच स्वाद वापरलेला असतो, त्यामुळे जीभ जी आठवण करून देते ती अगदी खरी असते.

या पेयात खऱ्या चेरीकडून आपल्याला सुगंधापेक्षा तिचा आंबटपणा, फळाचा किंचित तुरटपणा आणि रंग हवा असतो. सुगंधाची बाजू अमारेट्टो एकटाच भरून काढतो. एवढे मनात पक्के धरले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

तुलना करण्यासाठी हाताशी एक प्रमाण असावे, म्हणून माझ्या पसंतीचे येथे देत आहे: अमारेट्टो ४५ मिली, बर्बन (मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की) २० मिली, ताजा लिंबाचा रस २५ मिली, साखर न घातलेला आंबट चेरीचा रस १५ मिली आणि अंड्याचा पांढरा भाग साधारण २० मिली. साखरेचा पाक मुळीच नाही. बर्फासोबत हलवल्यावर यात सुमारे ४० मिली पाणी मिसळते आणि तयार पेय १६५ मिलीच्या आसपास भरते. अमारेट्टो २८ टक्के आणि बर्बन ४५ टक्के तीव्रतेचे धरले, तर तयार पेयाची तीव्रता १३ टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे वाइनइतकी राहते. बर्बन कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो. अमारेट्टो गोड आणि तुलनेने सौम्य असतो. नुसत्या त्याच्यावर लिंबू घातले तर लिंबाच्या सरबतात बदामाचा अर्क टाकल्यासारखी पोकळ चव येते. अमेरिकेतील पोर्टलंडचे बारटेंडर जेफ्री मॉर्गेन्थालर यांनी २०१२ मध्ये अमारेट्टो सावरची जी कृती मांडली, तिच्यात पिंपातून काढल्यावर पाणी न मिसळलेले तीव्र बर्बन घातलेले होते, आणि या पेयाकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी त्यानंतर बदलली. चेरी घालताना तर हा आधार अधिकच लागतो, कारण चेरीही गोडाकडेच झुकते.

बिघडलेला ग्लास तपासण्याची रीत

पेय बिघडले की ते ओतून देऊन नव्याने सुरुवात करण्याची घाई करू नये. बिघडलेला ग्लास हाच सर्वांत चांगला पुरावा असतो. त्यातले दोन-दोन चमचे पेय तीन लहान वाट्यांत काढावे. पहिल्या वाटीत लिंबाचा रस चार-पाच थेंब, दुसरीत अर्धा चमचा थंड पाणी आणि तिसरीत बर्बन किंवा दुसरे कोणतेही गोडवा नसलेले मद्य पाच-सहा थेंब घालून प्रत्येक वाटी चाखावी आणि मधून मधून मूळ ग्लासातलाही घोट घ्यावा.

लिंबाच्या वाटीत चेरी एकदम ओळखू येऊ लागली, तर आंबटपणा कमी पडला होता. घरच्या बहुतेक ग्लासांत हेच आढळते. पाण्याच्या वाटीत चव मोकळी झाली, तर पेय पुरेसे हलवले गेले नव्हते. घट्ट गोड पेयात सगळ्या चवी एकमेकींना चिकटून बसतात आणि थोडे पाणी मिळाले की वेगवेगळ्या जाणवू लागतात. मद्याच्या वाटीत पेयाला अंग आले, तर आधार कमी होता. तिन्ही वाट्यांत औषधी वास तसाच राहिला, तर मात्र बदामाचा स्वादच जास्त झाला आहे हे मान्य करावे. त्यावर वरून काही घालण्याचा इलाज नाही. त्या ग्लासातले निम्मे पेय घेऊन त्यात अमारेट्टो वगळून बाकीचे घटक निम्म्या मापाने मिसळावेत आणि पुन्हा बर्फासोबत हलवावे. एवढे केले तरच तो ग्लास वाचतो.

या चाचणीनंतर पुढच्या वेळी एकच माप बदलावे. लिंबू वाढवले, त्याच वेळी चेरीचा रस बदलला आणि बर्बनऐवजी ब्रँडी घेतली, तर चव सुधारली तरी ती कशामुळे सुधारली हे कळत नाही आणि महिन्याभराने तोच घोळ पुन्हा होतो.

बाटल्यांचा गोंधळ

चेरीच्या नावाने चार अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात आणि कृतीत नुसते ‘चेरी’ असे वाचून त्यांपैकी कोणतीही ओतली जाते. किर्श हे चेरी आंबवून ऊर्ध्वपातनाने काढलेले पारदर्शक, गोडवा नसलेले मद्य आहे. मरास्किनोसुद्धा पारदर्शक असते, पण ते गोड लिक्युअर (साखर व स्वाद घातलेले मद्य) आहे आणि त्यात बियांचा बदामी वास स्पष्ट असतो. लाल रंगाच्या अपेक्षेने ते विकत घेणाऱ्याची निराशा होते आणि बदामी चव कमी करण्यासाठी वापरले तर उलटाच परिणाम होतो. हीरिंगसारखे गडद चेरी लिक्युअर लाल, गोड आणि मसालेदार असते. चौथी गोष्ट म्हणजे चेरीचा निव्वळ रस. माझ्या अनुभवात या पेयाला रसच सर्वांत जास्त मानवतो, आणि रस न मिळाल्यास किर्श. बर्बनच्या जागी २० मिली किर्श घेतले तर गोडवा न वाढवता चेरीचा वास येतो. गडद चेरी लिक्युअर वापरायचेच असेल तर अमारेट्टो ३० मिलीवर आणावा, लिक्युअर १५ मिलीपेक्षा जास्त घेऊ नये आणि लिंबू ३० मिलीपर्यंत वाढवावे.

गोडव्याचा हिशेबही येथेच मांडायला हवा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार लिक्युअर म्हणवून घेण्यासाठी सर्वसाधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते आणि अमारेट्टोत प्रत्यक्षात ती याहून बरीच जास्त असते. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या पाकाच्या १५ मिलीत सुमारे ९ ग्रॅम साखर असते. जिन किंवा व्हिस्कीच्या सावरमध्ये हा पाक लागतो, कारण तेथे मूळ मद्यात गोडवा नसतो. ती सवय येथे आणली की औषधी चवीचा निम्मा पाया तिथेच घातला जातो.

बदामाच्या अर्काबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बेंझाल्डिहाइड हवेच्या संपर्कात हळूहळू बेंझोइक आम्लात बदलते आणि त्याचा वास मंदावतो. उघडून बरेच महिने झालेल्या बाटलीतले पाच थेंब सौम्य वाटतात, मग नवी बाटली आणली जाते, सवयीने तेच पाच थेंब पडतात आणि पेय हाताबाहेर जाते. कृती तीच, मापे तीच, तरीही कधी जमते आणि कधी बिघडते, यामागे बहुधा हे कारण असते. अमारेट्टो असताना अर्काची गरजच नाही. अमारेट्टो नसेल आणि साध्या मद्यात पाक घालून काम भागवायचे असेल, तर नव्या बाटलीतला एक थेंब पुरतो.

चेरीचा रस शक्यतो आंबट जातीचा असावा. मोंमोरान्सी आणि मोरेलो या आंबट चेरींत मॅलिक आम्ल गोड चेरींपेक्षा बरेच जास्त असते आणि त्याचा आंबटपणा लिंबाच्या सिट्रिक आम्लासारखा झटकन येऊन जात नाही, जिभेवर थोडा रेंगाळतो. गोड चेरीच मिळत असतील तरी पेय होते. मात्र लिंबू पाच मिलीने वाढवावे. गोठवलेल्या चेरी या कामाला ताज्यांइतक्याच, किंबहुना जास्त सोयीच्या असतात, कारण गोठताना बर्फाच्या कणांनी फळाच्या पेशी फाटतात आणि चेरी वितळल्यावर हाताने नुसत्या दाबल्या तरी गडद रस सुटतो. फळ थेट शेकरमध्ये (पेय हलवण्याच्या झाकणाच्या भांड्यात) ठेचले तर गर बारीक गाळणीत अडकतो, फेस मागे राहतो आणि पेयाला गढूळपणा येतो. म्हणून रस आधी वेगळा गाळून घेणे चांगले.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. बदामी वास ‘नैसर्गिक’ मिळावा म्हणून चेरीच्या बिया फोडून मद्यात भिजवण्याच्या कृती फिरत असतात. ज्या विघटनातून बेंझाल्डिहाइड मिळते, त्यातूनच हायड्रोजन सायनाइड हे विषही तयार होते आणि त्याचे प्रमाण घरी मोजता येत नाही. बिया काढून टाकाव्यात, फोडू नयेत, आणि कडू बदामही वापरू नयेत.

फेस का बसतो

अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणी आणि सुमारे १० टक्के प्रथिने असतात. जोराने हलवले की ही प्रथिने उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. स्निग्ध पदार्थ हे जाळे तोडतो. पांढऱ्या भागात पिवळ्या बलकाचा ठिपका उतरला असेल, शेकरला तेलकट हात लागला असेल किंवा अमारेट्टोऐवजी घरी केलेला बदामाचा पाक वापरला असेल, तर फेस येतो आणि मिनिटाभरात विरतो. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असते, हे फेस बिघडल्यावर फारसे कोणी आठवत नाही. असा पाक वापरायचा असल्यास तो रात्रभर थंड जागी ठेवून वर जमलेला स्निग्ध थर काढावा, घट्ट विणीच्या फडक्यातून गाळावा आणि ग्लासमागे १० मिलीपुरताच घ्यावा.

क्रमालाही महत्त्व आहे. पांढरा भाग तीव्र मद्यात किंवा लिंबाच्या रसात घालून शेकर तसाच ठेवला, तर प्रथिने गोठू लागतात आणि पांढरे धागे दिसतात. ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून आधी लिंबू, चेरीचा रस आणि मद्ये एकत्र करावीत, पांढरा भाग सर्वांत शेवटी घालावा आणि लगेच हलवायला घ्यावे. पहिली फेरी बर्फाशिवाय १५ ते २० सेकंद. या फेरीत शेकरचे झाकण दोन्ही हातांनी दाबून धरणे आवश्यक आहे, कारण बर्फ असताना आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आपोआप घट्ट बसते, तसे येथे होत नाही. उलट आतला दाब वाढून झाकण उडते आणि चिकट लाल पेय भिंतीवर जाते. आत खळखळणारा पातळ आवाज हळूहळू जड आणि मऊ झाला की फेस तयार झाला असे समजावे. त्यानंतर मोठे, कोरडे, नुकतेच बाहेर काढलेले बर्फाचे खडे घालून आणखी १२ ते १५ सेकंद हलवावे. वितळू लागलेला बारीक बर्फ पेय थंड होण्याआधीच पातळ करतो आणि फेसही सैल होतो.

ग्लासात ओतल्यावर अर्धा मिनिट थांबावे. या वेळात द्रव खाली उतरतो आणि फेसाचा थर वेगळा होतो. कच्च्या अंड्याचा ओलसर वास जाणवत असेल, तर अंडे जुने आहे किंवा लिंबू कमी आहे. ताजे अंडे घेऊन फेसावर अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन-तीन थेंब टाकल्यास तो वास झाकला जातो, आणि त्यातला मसालेदार कडवटपणा बदामाच्या गोडीला चांगला आवर घालतो.

कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा धोका संभवतो आणि ग्लासातले मद्य किंवा लिंबू त्या थोड्या वेळात तो नाहीसा करत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्यांचे वय झाले आहे, त्यांच्यासाठी पाश्चरीकृत पांढरा भाग घ्यावा. तो फेसाळायला अधिक वेळ लागतो, म्हणून बर्फाशिवायची फेरी लांबवावी. अंडे नकोच असेल तर काबुली चणे शिजवलेले दाटसर, मीठ नसलेले पाणी ३० मिली घ्यावे. त्यात प्रथिने बरीच कमी असतात, त्यामुळे फेस येतो पण लवकर बसतो.

रंग आणि फाटलेला पोत

फेस गुलाबी येण्याऐवजी राखाडी-जांभळट आला, तर त्याचे कारण चेरीचा रंग देणाऱ्या अँथोसायनिनमध्ये आहे. हे रंगद्रव्य आम्लात लाल राहते आणि आम्ल घटले की जांभळ्या-निळ्याकडे सरकते. अंड्याचा पांढरा भाग हा स्वयंपाकघरातल्या मोजक्या अल्कधर्मी पदार्थांपैकी एक आहे आणि अंडे जुने होत जाते तसा त्याचा सामू ९ च्या पुढे जातो. चेरीचा रस आणि पांढरा भाग आधी एकत्र हलवून लिंबू मागून घालणाऱ्यांना हा मळकट रंग हमखास दिसतो. लिंबू पहिल्यापासून शेकरमध्ये असेल आणि पुरेसे असेल, तर फेस गुलाबीच राहतो. पेयाचा खालचा भाग मात्र बर्बन आणि अमारेट्टोच्या तपकिरी छटेमुळे विटकरी दिसतो. तो दोष नाही. स्वच्छ लाल रंगच हवा असेल तर बर्बनऐवजी किर्श किंवा जिन घ्यावी. खाद्यरंग घालू नये, कारण रंग भडक झाला की बरणीतल्या चेरीचीच आठवण होते आणि ज्या चवीपासून आपण दूर जाऊ पाहत होतो तीच जिभेला भासू लागते.

पेयात बारीक कण तरंगत असतील आणि ते घुसळल्यासारखे फाटलेले दिसत असेल, तर बदामाचे दूध किंवा बदामाचा पाक लिंबाने नासला आहे. बदामातली प्रथिने आम्लात एकत्र येऊन गोळे धरतात. दुहेरी गाळल्याने कण जातात, पोत मात्र तसाच खरबरीत राहतो. बदामाचे दूध या पेयात वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या चवीसाठी ते घेतले जाते ती त्यात फारशी नसते आणि फेस, रंग व पोत या तिन्ही गोष्टी ते बिघडवते.

बदामाची अॅलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी पेय करताना बाटलीवरचे लेबल वाचणे अनिवार्य आहे. डिसारोनोसारख्या काही अमारेट्टोंत बदाम नसतो, इतर काहींत असतो, आणि बदामाच्या पाकात तो असतोच.

अनेकांसाठी आधी तयारी करून ठेवायची असेल, तर अमारेट्टो, बर्बन आणि चेरीचा रस एका बाटलीत मोजून थंड ठेवावेत. हे मिश्रण दोन-तीन दिवस चांगले राहते. लिंबाचा रस त्याच दिवशी काढावा, कारण तो साठवला की त्याची ताजी धार जाते आणि कडवटपणा येतो. मग प्रत्येक ग्लाससाठी त्या बाटलीतले ८० मिली आणि २५ मिली लिंबाचा रस शेकरमध्ये घ्यावा, त्यावर पांढरा भाग घालावा आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त ग्लासांचे पेय हलवू नये. शेकर काठोकाठ भरला की आत हवा उरत नाही आणि फेस धरत नाही.